राखणदाराच्या वहाणा

प्रिय देवेश,

पहिली आली ती मनाली. यायचं ठरलं होतं चारला, आणि ही पोरगी भर उन्हाची तीनच्याही आधी दारात उभी. घाटकोपरहून आलेली, काखेत हे एवढं कलिंगड. मी म्हटलं, अगं, फळ कशाला, मी काय आजारी आहे? तर म्हणते, रिकाम्या हाताने गेले तर आई ओरडते. बरी वाटली मला. मग आला नितेश, मुलुंडचा. पोरगा इतका उंच की दारातून वाकून आत आला आणि वरच्या पंख्याकडे बघत भिंतीला चिकटूनच बसला. घर देवगडकडचं, पण बोलतो कसा, तर 'आजी, झकास हवा येते यार तुमच्याकडे!' एकाच वाक्यात मी आजी आणि यारसुद्धा. आणि सगळ्यात शेवटी आला कोण, तर सम्यक, जो भिंतीपलीकडे राहतो. जवळ राहणाराच उशिरा येतो. हे मी सम्यकला म्हणते आहे हो, अंधेरीला राहणाऱ्यांना नाही.

तुला वाटेल, आजीने पत्र का लिहिलं, फोन होता की. फोनवर तू 'बरी आहेस ना?' विचारतोस, मी 'बरी आहे' म्हणते, की संपलं. मेसेज केला तर तू अंगठा पाठवतोस. मला माझ्या आईने हट्टाने चौथीपर्यंत शिकवली ती कुठे अंगठा लावायची पाळी येऊ नये म्हणून, आणि तू एवढा शिकून अंगठे लावतोस! म्हणून तुझ्या आईकडून, मानसीकडून, कागद मागून घेतले. ती म्हणाली, मी लिहून देऊ का? म्हटलं, नको. अक्षर वाकडं येईल, पण माझं येईल. दोन दिवस लिहिते आहे, जेवण करून दुपारी. उद्या सम्यक अंधेरीला जाणार आहे परीक्षेच्या कामाला, त्याच्याकडे पाकीट देईन. तुझ्या ऑफिसच्या खालच्या माणसापाशी ठेव म्हणून सांगितलं आहे, कुणाचं नि काय ते सांगितलेलं नाही. ते का, ते पुढे कळेल.

सम्यक तुला माहीत नाही. आपल्या राधाबाईच्या लेकीचा मुलगा. वर्षभर झालं, कॉलेज जवळ पडतं म्हणून आजीकडे राहायला आला. राधाबाई चाळीत आपल्या भिंतीला भिंत होती, आणि टॉवर झाला तेव्हा सोडतीत पुन्हा शेजारचीच खोली तिला निघाली. कर्म बघ. मी म्हटलं, राधाबाई, तुझी सुटका नाही. ती म्हणाली, सुटका कुणाला पाहिजे, तुझ्याकडची साखर मला जवळ पडते. तर हा सम्यक पोरं यायच्या आदल्या दिवशी आला आणि म्हणाला, रुक्मिणीआजी, तुम्हाला मालवणी गाऱ्हाणं घालता येतं का? मी म्हटलं, बाबा, देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते गावातल्या जुन्या जाणत्या पुरुषाने, बायकांनी नाही. पण ऐकलं आहे जन्मभर, येईल तर येईल. म्हणाला, एका गेमसाठी हवं आहे. आणि गेमचं नाव सांगितलं. पदराने चष्मा पुसत बसले.

तो तुझा गेम, देवेश. गेल्याच्या गेल्या गणपतीत तू मोबाईलवर दाखवला होतास तो. 'आजी, यातली गोष्ट मी लिहिली' म्हणाला होतास आणि मी चष्मा शोधेपर्यंत मोबाईल खिशातसुद्धा घातला होतास. दीड दिवसाचा गणपती आणि तू अर्ध्या दिवसाचा. मला तेवढंच दिसलं होतं की खाडी आहे, माड आहेत, आणि कुणीतरी चालत चाललं आहे.

आता मात्र मला पुष्कळ कळतं. तीन दिवस पोरांनी शिकवलं. या गेममध्ये आपणच एक माणूस व्हायचं, गावात हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. आपण काय बोललो, कुणाला मदत केली, त्यावर पुढची गोष्ट ठरते. आणि हे मॉड मॉड म्हणतात ते म्हणजे खेळणाऱ्यांनी आपल्या पदरचं त्यात घातलेलं. मनालीच्या धाकट्या भावाला ऐकू येत नाही. तुमच्या गेममध्ये बोलणी सगळी ऐकायची, अर्धी लिहिलेलीच नाहीत. तर या पोरीने बसून एकेक वाक्य मराठीत खाली उमटेल असं केलं, भावासाठी. आता कितीतरी लोक तेच वापरतात म्हणे. नितेशने तुमची होडी नीट केली. खाडी ओलांडायला होडीत चढलं की माणूस तळातून थेट पाण्यात जायचा, वरून नावाडी म्हणायचा 'सांभाळून बसा.' तुमच्या कंपनीला हे सुधारायला वर्ष लागलं, पोराने शनिवार-रविवारात केलं. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी पाठ थोपटली नाही. मी विचारलं, मग कशाला करतोस रे? तर म्हणाला, आजी, गेम आवडतो ना. न आवडणाऱ्या होडीला कोण भोकं बुजवतं?

आणि पुढच्या सोमवारपासून हे सगळं बंद. सम्यकने मला तुमच्या कंपनीच्या बाईंचा व्हिडिओ दाखवला. छान आहेत बाई, कुडत्याचा रंगही छान. म्हणाल्या, नवीन सुधारणा येते आहे, तिच्यानंतर बाहेरच्या कुणाला गेममध्ये काही घालता येणार नाही, घातलेलं होतं तेही चालणार नाही. बाहेरच्या भरीमुळे गेम बिघडतो आणि तक्रारी आमच्याकडे येतात. इथपर्यंत मला पटलं बघ. दुसऱ्याने मीठ घातलेल्या आमटीची बोलणी आपण का खावीत? पण पुढे म्हणाल्या, लेखकाचीही इच्छा आहे की गोष्ट त्यांनी लिहिली तशीच राहावी. तिथे पोरं अशी चवताळली! नितेश म्हणाला, हा लेखक कोण स्वतःला समजतो? सम्यक म्हणाला, डी. परब म्हणून कोणीतरी आहे, समोर येत नाही कधी, उत्तर देत नाही. नितेश माझ्याकडे वळून म्हणाला, आजी, तुमच्याच आडनावाचा निघाला हो! राधाबाई म्हणाली, परबांचं काय घेऊन बसलास, सिंधुदुर्गात दगड मारला तर तो परबालाच लागायचा. सगळे हसले. मीही हसले. आणि मग सरबत करायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहिले नुसती. माझ्या घरात बसून, माझंच पाणी पिऊन माझ्या नातवाला नावं ठेवत होती पोरं, आणि मला त्यांचा राग येईना. त्याचंच वाईट वाटत होतं मला.

सरबत घेऊन आले तर मनालीने लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला होता. म्हणाली, आजी, गाव बघा. देवेशा, तू गाव किती वेळा पाहिलंस रे? लहानपणी मे महिन्यात, तेवढंच. पण विहिरीचा रहाट तसाच, पायरीवरचं शेवाळ तसंच, शेतातल्या मांगराच्या दाराला तीच वाकडी कडी. कुळागरात शिरलं की कुठूनसा तो सुपारीचा ओला वाससुद्धा आल्यासारखा झाला मला. आणि एका घराच्या उंबऱ्यात बसलेली म्हातारी. नऊवारी, एक पाय दुमडलेला, एक सोडलेला, मांडीवर सूप. मनाली म्हणाली, अय्या, आजी, ही तुमच्यासारखीच बसते! मी म्हटलं, आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्या अशाच बसतात. मग तिच्याशी बोलून पाहिलं. ती म्हणाली, 'दिवेलागण झाली.' पुन्हा बोललो. पुन्हा, 'दिवेलागण झाली.' काही विचारा, कसंही विचारा, दिवेलागण झाली! अरे, मी कधी आयुष्यात एका वाक्यावर थांबले आहे का? तुझे आजोबा म्हणायचे, हिला वेळ विचारली तर घड्याळ कुणी दिलं इथपासून सुरुवात करते. आणि तू मला एक वाक्य दिलंस. मला हसू आलं रे खरं. मग हळूहळू ते थांबलं.

कारण पुढे खाडीच्या वाटेवर तो म्हातारा भेटला. हातात पितळी डबा, अंगात खाकी सदरा. हिंडतच असतो. बोललं की म्हणतो, 'बाजूला हो, माझी पाळी चुकेल.' राधाबाई माझ्या मागे मोढ्यावर बसली होती, कलिंगड खात. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिने फोड ताटलीत ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसली, तो उचललाच नाही मग.

पोरांना यातलं काय माहीत? ती आपली उत्साहाने सांगत होती. आजी, या म्हाताऱ्याने लोकांना वेड लावलं आहे. कुठल्या कुठल्या देशांतून लोक विचारतात, याला घरी कसं न्यायचं? काही केलं तरी तो घरी जात नाही. मागे चालायला लावला तर चार पावलं येतो आणि परत खाडीकडे वळतो. म्हातारी तिकडे उंबऱ्यात, हा इकडे, आणि गेममध्ये दोघांना जोडणारी वाटच केलेली नाही. लोक म्हणे तासन्‌तास त्याच्याबरोबर नुसते चालत राहतात, एकटा नको म्हणून. बघ हं, कुठली कोण माणसं, ना गाव ठाऊक, ना भाषा, आणि तुझ्या आजोबांबरोबर चालतात.

मग राखणदार दाखवला. वेशीवरच्या वडाखाली बसलेला. वाटेकडे पाठ, डोक्यावरून कानांवरून घोंगडी ओढलेली, समोर कसला तरी निळा उजेड आणि त्यातच डोळे खिळवलेले. काठी बाजूला पडलेली. पाय उघडे. हाक मारली तरी वळत नाही. आणि नितेश म्हणाला, शेवटी याला मारायचं. याला मारलं की गेम संपतो.

मी म्हटलं, काय? राखणदाराला? अरे, राखणदाराला कोणी मारतं का? तो गावाची राखण करणारा, रात्री-अपरात्री वाट चुकलेल्याला काठीच्या घुंगरांच्या आवाजाने घरापर्यंत सोडणारा. तुझे आजोबा गिरणीतली कुठलीही गोष्ट सांगत नसत, पण राखणदाराची सांगत. तू ती ऐकल्याशिवाय झोपत नव्हतास. 'आणि मग मागे वळून बघितलं तर कोणीच नाही,' हे वाक्य तूच आधी म्हणायचास. नितेश म्हणाला, आजी, तेच तर! आमच्या घरी पप्पांनी बघितलं आणि म्हणाले, हा गेम कुणा परक्याने बनवला असणार, आपल्यातला असता तर राखणदार मारला नसता. पण मला तसं वाटत नाही. परक्याला एवढी बारीक माहिती नसते. हा आपल्यातलाच आहे, आणि राखणदाराने त्याचं काहीतरी मोठं वाईट केलं आहे.

पोरगा उंच आहे, पण नुसता उंच नाही.

म्हणून त्यांनी ही भर घालायला घेतली. राखणदाराला मारायचंच नाही. त्याला नारळ आणि जाड भाकरीचा रोंट ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, की तो उठतो आणि म्हाताऱ्याला घरी नेतो. महिनोन्‌महिने खपली होती पोरं. सम्यकने चालणं केलं, मनालीने घर उजळलं, नितेशने बोलणी लिहिली. फक्त एक अडत होतं. राखणदार उठायचा, पण दोन पावलं टाकून तिथेच डुलत उभा राहायचा. सम्यक म्हणाला, कुठेतरी चूक आहे, सापडत नाही. मी म्हटलं, चूक ही काय समोर आहे! अनवाणी आहे तो. कसा चालेल? आमच्याकडे राखणदाराला वहाणा वाहतात, चांगल्या जाड तळाच्या. तो रात्रभर गावाच्या हद्दीने फिरतो, त्या झिजतात, मग नव्या द्यायच्या. रोंटाने पोट भरेल, पायांचं काय? नितेशने कपाळावर हात मारला. वाट लागली, म्हणाला, पप्पांनी सांगितलं होतं, मीच विसरलो. मनाली तिथल्या तिथे वहाणा काढायला बसली. मी सांगत गेले, अंगठा असा, पट्टा असा, मोठ्या कर गं, त्याचा पाय लेकराचा नाही. आता खरी चूक कुठली होती ते सम्यकला दुसऱ्या दिवशी सापडलं म्हणे, कसला तरी आकडा होता. पण वहाणा काढून टाकायला तिघांपैकी कुणीच तयार झालं नाही. तू आमच्या अडाणीपणाला हसशील. हस. तुला हसताना बघून किती दिवस झाले.

मग माझं गाऱ्हाणं. आवाज घुमतो म्हणून त्यांनी मला गोधडीखाली बसवलं. वैशाखाचं ऊन, पंखा बंद, डोक्यावरून गोधडी, हातात मोबाईल, आणि बाहेरून नितेश विचारतोय, आजी, जिवंत आहात ना? मी आतून म्हटलं, अजून मेले नाही, पण तुझ्या गेमपायी मरेन. तेही रेकॉर्ड झालं, पुसू नका म्हणून सांगितलं आहे. मग डोळे मिटले आणि आलं रे, सगळं आलं. 'बा देवा म्हाराजा, बारा वेशीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा, आज जा काय लेकरांनी तुझ्या पायाशी ठेवल्यानी हा ता मान्य करून घे. जो कोण वाट चुकलो आसात, तेका वाटेर हाड, तेच्या घराक पोचय रे म्हाराजा.' आणि थांबले. कुणीच काही म्हणेना. गोधडीतून डोकं काढून म्हटलं, अरे, होय म्हाराजा कोण म्हणणार? तुमचा होकार नसला तर ते गाऱ्हाणं नाही, एका म्हातारीची बडबड आहे. नितेश, मनाली तयार झाली. राधाबाईला मी म्हटलं, तू राहू दे, तुमच्यात हे नसतं. तर ती म्हणाली, तुझ्या देवाचं तू बघ, पण हरवलेलं माणूस घरी यावं याला होय म्हणायला माझं काय जातं? आणि सगळ्यांत मोठा आवाज तिचाच लागला. लिफ्टपाशी ऐकू गेला म्हणे.

तेव्हापासून एक माझ्या डोक्यात घोळतं आहे ते सांगते, पटलं तर घे. या चाळीत येण्याआधी आम्ही लालबागला होतो तेव्हा मे महिन्यात गावचं दशावतार मंडळ यायचं. त्यात काही लिहिलेलं नसतं. मालक पडद्यामागे सांगतो, राजा कोण, राक्षस कोण, शेवट काय. बोलायचं ते ज्याचं त्याने, उभ्या उभ्या. एकदा राक्षस झालेल्या नटाने मरायलाच नकार दिला. राजा बाण मारतो आहे आणि हा म्हणतो, आधी माझ्या बायकोला गावाक मनीऑर्डर कर, मग मरतंय! गिरणीवाले सगळे हसून लोटपोट, काहींच्या डोळ्यांत पाणी. पेटीवाला वाजवायचा थांबला. तुझे आजोबा विंगेत होते, त्यांनी ऐकलं, मालक म्हणाला, उद्या पण असोच मर. रागावला नाही. कारण नाटक त्याचंच राहिलं होतं, उलट लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तुमच्या गेमला तीन वर्षं झाली ना रे? एवढे दिवस लोक त्याच्याशी खेळत बसलेत ते तुमच्याच जोरावर, की या असल्या राक्षसांच्या?

मान्य आहे, वाईटही घालतात. सम्यकने दाखवलं, कुणीतरी देवळात नुसत्या चड्डीवर नाचणारा गडी घातला आहे, काळा चष्मा लावून. मला हसू आलं, पण बरं नाही दिसत ते. पण म्हणून काय वेशीलाच भिंत घालायची? गावात बारा-पाचाचे मानकरी बसतात, कुणी वेडंवाकडं केलं तर विचारतात, समज देतात. तसे बसवा की तुम्हीपण चार जण. या पोरांना पायरीवर तरी बसू द्या. मोडलं तर यांनी निस्तरावं, पण काय केल्याने मोडतं ते तुम्ही आधी सांगावं. आज तुम्ही काही सांगत नाही, ही अंधारात चाचपडत तुमचीच होडी बुजवतात, आणि सोमवारी तुम्ही होडीच ओढून नेणार.

सगळं जुळल्यावर मनालीने मलाच खेळायला बसवलं. माझं बोट धरून कुठलं बटण ते दाखवलं. मी वडाखाली गेले. राखणदाराची पाठ दिसली. रोंट ठेवला, नारळ ठेवला, वहाणा ठेवल्या. माझाच आवाज आला, राधाबाईचा होय म्हाराजा आला. आणि देवेशा, तो वळला. कानांवरची घोंगडी त्याने मागे टाकली, वहाणांत पाय घातले आणि खाडीच्या वाटेने निघाला, आधी चालत, मग धावत. पुढे घुंगरांचा आवाज, मागे डबा घेतलेला म्हातारा. एकदाही परत वळला नाही. उंबऱ्यातली म्हातारी उठून उभी राहिली. तिला आता पुष्कळ बोलणं दिलं आहे माझं, मीच सांगितलेलं. म्हातारा आला की आधी विचारते, डब्यातली भाजी खाल्लीत का तशीच आणलीत? पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी आत जाऊन तोंड धुतलं.

तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. ती पाठ मी पहिल्याच क्षणी ओळखली होती. चाळीतल्या खोलीत दाराकडे पाठ करून तू असाच बसायचास, कानांवर ते मोठं यंत्र, समोर निळा पडदा. त्या संध्याकाळी तुझे आई-बाबा कामावर होते, मी आणि राधाबाई बाजारात, आणि सगळं विसरत चाललेले आजोबा तुझ्या मागून पाळीला निघून गेले. वीस वर्षं बंद पडलेल्या गिरणीत. आम्ही आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सकाळी ते पुलाखाली, नदीत सापडले. तेव्हापासून तुला कुणी काही म्हटलं नाही. मला वाटायचं, न बोलणं ही माया आहे. तुला ते काय वाटलं असेल, ते आता तुझा वड बघून कळलं. घराचा राखणदार त्या संध्याकाळी तू होतास, आणि त्याला मारायला तू जगभरच्या माणसांना लावलंस. पण बाळा, तू गोष्ट अर्धी लिहिलीस. पाठ लिहिलीस, धावणं लिहिलंच नाहीस. मी ओरडले तसा तू अनवाणी उठून पळालास, नदीच्या काठाने, काचांतून, गाळातून, उजाडेपर्यंत हाका मारत. राधाबाईने तुझे तळपाय धुतले तेव्हा परातीतलं पाणी लाल झालं होतं, तिला विचार. सोळा वर्षांचं पोर होतास. तू लिहिलं नाहीस ते तुला न ओळखणाऱ्या तीन पोरांनी लिहिलं, राखणदाराला उठवलं आणि तुझ्या आजोबांना घरी आणलं. ते सोमवारी पुसू नकोस. निदान स्वतः एकदा त्या वाटेने चालून ये, आणि मग ठरव. पोरांना मी तुझं नाव सांगितलेलं नाही, ते तू सांगायचं. येशील तेव्हा दाराशी नव्या चपलांचा जोड दिसेल, मानसीला माप विचारून आणला आहे, जाड तळाचा. तो घालून आत ये, त्या दिवशी घरात चपला घातल्या म्हणून ओरडणार नाही. आंबोळ्यांचं पीठ शनिवारी भिजवेन. पोरं रविवारी चारला येतो म्हणाली आहेत, म्हणजे मनाली तीनलाच येईल.

तुझीच,
पुष्कळ बोलणारी आजी